आपट्याच्या राज्यात कडू थेंब चढला त्याची हकीकत

श्री. मातीस नमन, वाऱ्यास नमन, उन्हास नमन, आणि नमनास येवढे तेल पुरे. साहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. साहेबी आजवर या राज्याच्या जितक्या हकीकती लिहविल्या तितक्या उजेडात बसून लिहविल्या, आणि उजेडात दिसले तेवढेच राज्य असे ठरविले, आणि अंधारातल्या माणसास एकदाही बोलावून पुसले नाही की बाबा, तू दिवसभर काय करितोस. हा साहेबांचा अन्याय आहे. हे तोंडावर बोलणे आहे, पाठीमागची कुजबुज नव्हे. राग आला तर यावा, परंतु हकीकत शेवटपर्यंत ऐकावी.

शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरे, आश्विनमास. ओढ्याच्या काठी एक आपट्याचे झाड उभे होते, आणि तेच राज्य. राज्याचा वरचा मुलूख म्हणजे पाने, तेथे मुदपाकखाना, आणि मुदपाकखान्याचे मुख्य पालोजीराव. खालचा मुलूख म्हणजे मुळे, तेथे पाणके, आणि पाणक्यांचे नाईक सोटाजी. मधे खोड. खोडात दोन वाटा होत्या. एक वाट वर जाणारी, ती मेलेल्या पूर्वजांच्या पोकळ हाडांची नळी, आणि तीतून सोटाजीचे पाणी चढे. दुसरी वाट खाली उतरणारी, ती जित्या कावडकऱ्यांची, आणि तीतून पालोजीचा गोड पाक उतरे, आणि त्या पाकावर मुळांचा सारा कबिला जेवी. पालोजीच्या चुलीस लाकूड लागत नसे, ऊन हाच जाळ. त्या जाळावर ते खालचे पाणी ठेवीत आणि पाण्यात वारा शिजवीत. वारा कोणता, तर गुरे, माणसे, किडामुंगी नाकातून टाकून देतात तो उष्टा वारा; त्याचा पाक होई, आणि शिजताना पाणी फुटून चोख वारा उरे तो बाहेर सोडून देत, आणि तोच जग नाकाने ओढून जगे. वारा आत यावा आणि बाहेर जावा म्हणून प्रत्येक पानास पोटाकडून बारीक दरवाजे होते, आणि प्रत्येक दरवाजावर दोन जुळे भाऊ पहाऱ्यास. त्या भावांची रीत अशी की पोटभर पाणी प्याले म्हणजे ते धनुष्यासारखे वाकत आणि दोघांत फट पडे, तोच दरवाजा उघडला. आणि पाणी तुटले म्हणजे ते एकमेकांच्या अंगावर ढिले पडत, तोच दरवाजा मिटला.

यातले सोटाजीस काय ठाऊक होते, तर काही नाही. सोटाजी जन्मात वर गेले नव्हते. त्यांचे मत असे की राज्य मातीवर पोसते, माती आपण चाखतो, मातीचा रस आपण वर पाठवितो, आणि पालोजी त्यास नुसती ऊब देऊन, वर साखर भुरभुरवून, आपल्या नावाने परत खाली पाठवितो. असे मानून ते बरीच वर्षे गप्प राहिले, परंतु गप्प राहणे म्हणजे विसरणे नव्हे. वरून पाखरे बोलत त्याचा नाद खोडातून खाली येई, आणि सोटाजी म्हणत, "आमच्याकडे कोण येते? गांडूळ. तेही पाठ घासून जाते, रामराम करीत नाही." वाटसरू सावलीस बसून 'काय गार झाड आहे' म्हणे, आणि सोटाजी म्हणत, "गारवा आमचा, नाव त्यांचे." कन्या मैनाऊ हसे आणि म्हणे, "आबा, तुम्हास कोणी पाहिले असते तर तुम्ही लाजून आणखी खोल गेला असता." ही मैनाऊ नाइकांची एकुलती लेक, मुळाच्या अगदी टोकाशी राही, आणि दगडांच्या सांदीतून ओढ्याकडे वाट काढण्याचे काम तिजकडे होते. ते काम असे की पुढे सरकावे तर रोज ताजा पाक हवा, आणि एक दिवस पाक चुकला तर टोक जागच्या जागी थिजे. म्हणोन सोटाजी आपल्या वाट्याचा पाक निम्मा करून तिजकडे लावीत, आणि हे कोणास सांगत नसत.

मग आश्विन शुद्ध दशमी आली. दसऱ्याचा दिवस, आणि झाड आपट्याचे. गाव लोटला. वाजंत्री, घोडे, पागोटी, आणि माणसांनी पानांस हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकिल्या, आणि सोने सोने म्हणोन पाने लुटिली, आणि एकमेकांच्या हाती देऊन गळामिठी घातली. खाली सोटाजीस काय लाभले, तर टाचा. दिवसभर डोईवर जोडे नाचले. इतकेच नव्हे, तर एका म्हाताऱ्याने खोडाशी वाकून ओंजळभर माती उकरिली आणि तांदुळांसंगे उपरण्याच्या पदरी बांधून घरी नेली. सोटाजी म्हणाले, "पाहा, सोने वरच्यांस म्हणतात, आणि नेतात आमच्या उशाची माती."

तशात संध्याकाळी राणोजी कावडे पाक घेऊन उतरले. हे राणोजी कावडकऱ्यांत जुने, आणि तोंडाचे इतके सैल की वरची गोष्ट खाली येईतो दुप्पट होई. त्यांनी कावड ठेविली आणि सोटाजीने कोरडेपणाने पुसले, "काय राणबा, वरती थाट कसा?"

"थाट कसला, नाईक, चंगळ म्हणा. पालोजीराव तर आज वाऱ्यावर डुलत होते. म्हणाले, राणू, खाली सांग, आम्हास आज सोने म्हटले."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले की लुटीत पुष्कळ पाने गेली, उरलेल्यांवर भार आहे, ऊन कडक आहे, तर उद्या पाणी थोडे हात मोकळा ठेवून पाठवा."

"हात मोकळा. आणि आम्ही पाठवितो त्याचे काय करितात?"

येथे राणोजीने गप्प बसावयाचे, ते बसले नाहीत. म्हणाले, "नाईक, आता तुमच्यापासून काय चोरावे. शंभर घागरी चढल्या तर चुलीस लागतात दोनचार. बाकीची वाफ होऊन दरवाजांतून उडून जाते. दरवाजे दिवसभर सताड. मी दरवाजावरच्या जुळ्यांस पुसले, अरे, मिटून का घेत नाही, तर म्हणतात उष्टा वारा आत यावयाचा आहे, हुकूम आहे."

सोटाजी म्हणाले, "उष्टा वारा. म्हणजे बैलाने टाकलेला श्वास आत घ्यावयाचा, त्यासाठी माझ्या लेकीने दगड फोडून आणलेले पाणी उडवावयाचे, आणि वर सोने म्हणवून घ्यावयाचे. राणबा, वारा शिजवून कोणाचे पोट भरले आहे आजवर?"

"माझे काय जाते, नाईक. मी हमाल. पालोजीरावांचे म्हणाल तर तेही सुखी नाहीत. तुमच्यावर जळतात."

"माझ्यावर?"

"म्हणतात, नाइकास काय, खाली गार माती, बारा महिने सावली. सुरवंट खातो तो आम्हास, ऊन बसते ते आमच्या पाठीवर, आणि फाल्गुनात गळून पडतो तेही आम्हीच. नाईक आपले जागेवर."

हे ऐकून सोटाजीस समाधान वाटावयाचे, ते वाटले नाही. उलट असे वाटले की आपल्यापाशी हेवा करावा असे काही आहे म्हणतो तोही थट्टेनेच म्हणतो. आणि पोटातला निखारा, जो वर्षानुवर्षे राखेत होता, तो फुलला.

आता या राज्याचा एक दंडक होता, तो सांगितल्यावाचून पुढले कळणार नाही. खालून वर हुकूम नेण्यास माणूस नव्हता; कावडकरी परतताना गोष्टी नेत, परंतु पहारेकरी तोंडी बोलणे मानीत नसत. पाण्यात जे विरघळून येईल तेवढेच ते मानीत. म्हणोन पूर्वजांनी असे ठरविले होते की माती सुकू लागली, पाण्याचा तुटवडा दिसू लागला, की नाइकाने पाण्यात कडू थेंब सोडावा. तो कडू घोट जुळ्या पहारेकऱ्यांच्या जिभेस लागला की त्यांनी कोणास न पुसता पोटातले पाणी ओकून टाकावे आणि दरवाजे मिटावे. पालोजीस पुसणे नाही, खातरजमा नाही. दुष्काळात खातरजमा करीत बसले तर झाड वाळते, म्हणोन हा दंडक. आणि त्यावर सर्व विश्वास एकट्या नाइकाचा, की नाईक खोटा थेंब सोडणार नाही. हाच साऱ्या राज्यात सोटाजीचा एक मान होता, आणि तो मान आहे हे त्यांस कोणी कधी बोलून दाखविले नव्हते.

एकादशीस सकाळी माती ओली होती. ओढा भरून चालला होता. आणि सोटाजीने कडू थेंब सोडिला. एक सोडिला, मग दुसरा सोडिला, आणि म्हणाले, "बसा आता दार लावून. पाहू, सोन्यास तहान लागते की नाही."

मैनाऊस वास आला. ती टोकाशी होती, तरी म्हणाली, "आबा, कडू कशास? माती कोरडी आहे काय तुमच्याकडे?"

"तू तुझी वाट काढ."

"माझ्याकडे तर गुडघाभर ओल आहे."

"वडिलांचे काम वडिलांस कळते, मैना."

ती म्हणाली, "कळत असेल तर ठीक."

थेंब चढला. जुळ्यांच्या जिभेस लागला, त्यांनी पाणी ओकिले, आणि पानोपानीचे दरवाजे दोन प्रहरांच्या आत मिटले. सोटाजीने कान देऊन ऐकिले आणि वरची सळसळ मंदावली असे त्यांस वाटले, आणि त्या दिवशी ते फार दिवसांनी पोटभर जेवले, कारण कावडी वाटेत होत्या त्या येत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवशी कावडी पातळ आल्या. तिसऱ्या दिवशी राणोजी एकटे आले, कावडीच्या एका बाजूस थोडा पाक, दुसरी बाजू रिकामी, आणि तोंडाळ राणोजी बोलावयास तयार नव्हते.

सोटाजी म्हणाले, "का राणबा, पालोजीराव रुसले? पाक अडविला?"

"अडविण्यास असावा लागतो, नाईक."

"म्हणजे?"

"चुली पेटलेल्या आहेत आणि भांडी रिकामी. वारा आत येत नाही तर शिजवतील काय? ऊन वरून ओततेच आहे, त्यास जाण्यास वाट नाही, ते पानांस भाजते आहे. पूर्वी वाफ जाई तेव्हा अंग गार राही, आता तेही नाही. कडेची पाने करपली. कोठारात पिठाची साठवण होती ती पालोजीरावांनी काल मोडून खाली धाडली, हीच ती. म्हणाले, खाली दुष्काळ पडला आहे, नाइकाची माणसे कोरड्या मातीत मरत असतील, आधी त्यांस द्या."

हे शेवटचे वाक्य सोटाजीस असे लागले की जोड्याने मारले असते तर बरे. परंतु तोंडाने ते म्हणाले, "तरी ढोंग असेल."

"ढोंग असेल," राणोजी म्हणाले, "तर मग हा पाक ढोंगाचा आहे, परत नेतो." आणि नेला मात्र नाही. ठेवून, पाठ फिरवून गेले, आणि मग उतरले नाहीत.

आता सोटाजीने ठरविले की पुरे, थेंब बंद करावा, निर्मळ पाणी वर लावावे, जुळ्यांची तोंडे धुतली जातील, दरवाजे उघडतील, आणि झाले गेले कोणास कळणार नाही. त्यांनी घागरी भरविल्या, निर्मळ, थंडगार, आणि हाडांच्या नळीच्या तोंडाशी लावून ठेविल्या. घागरी हलल्या नाहीत. सोटाजीने पाणक्यांस दरडाविले, पाणक्यांनी घागरी पुन्हा लाविल्या, पुन्हा त्या तशाच. पाणी नळीत उभे होते आणि उभेच राहिले. एका पाणक्याने भीत भीत म्हटले, "नाईक, आपण तर रोज नुसती तोंडाशी लावीत होतो. पुढे ती आपली आपण जात."

"जात कशी?"

"ते आजवर कोणी पुसले नाही."

मग सोटाजी बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्या गोष्टीचा विचार करू लागले. आपण पाणी चढवितो ऐसा त्यांचा अभिमान होता. आता दरवाजे मिटले आणि चढणे थांबले, तेव्हा चढविणारे कोण होते? वरती एक घागर वाफ होऊन उडे, तिची जागा भरावयास मागची सरके, तिच्या मागे तिच्या मागची, ऐसा पाण्याचा दोर शेंड्यापासून मुळापर्यंत ताणलेला होता, आणि तो दोर वरून ओढला जात होता. ज्या वाफेस ते उधळपट्टी म्हणत होते ती वाफ म्हणजेच दोर ओढणारा हात. ज्याचा त्यांनी हेवा केला त्याने जन्मभर त्यांचे ओझे उचलिले होते, आणि उचलतो आहे हे त्यासही ठाऊक नव्हते, आणि त्यांसही नव्हते. आणि आता आपण केलेली चूक मागे घेण्याचा निरोप पाण्यावाचून जाणार नाही, आणि पाणी दरवाजे उघडल्यावाचून जाणार नाही, आणि दरवाजे निरोपावाचून उघडणार नाहीत. सोटाजीने आपल्याच हाताने आपल्या तोंडात बोळा घातला होता.

तेव्हा ते लेकीकडे गेले. मैनाऊ दगडाशी टेकून होती, आणि तिचा आवाज बारीक जाहला होता. राणोजीने आणलेला पाक सोटाजीने सारा तिजकडे लाविला होता आणि आपण उपाशी होते.

"आबा," ती म्हणाली, "माती कोरडी नव्हती ना?"

"नव्हती."

"मग?"

"त्यास सोने म्हटले. मला सहन झाले नाही."

ती रागावेल असे सोटाजीस वाटले. ती म्हणाली, "मलाही कधी कधी होत नाही. मीही ऐकते पाखरे. पण मला वाटे, आबांस याचे काही नाही." आणि पुढे म्हणाली, "आता उपाय काय?"

सोटाजी म्हणाले, "एक जुना उपाय आहे. मातीतले खार ओढून नळीच्या तळाशी कोंबावे, म्हणजे खारामागे पाणी आपण होऊन आत शिरते आणि खालून रेटा बसतो. दोराने चढते तसे नाही चढत, पण थोडे चढते. जुळ्यांची तोंडे धुण्यापुरते चढेल. पण खार कोंबणे फुकट होत नाही, त्यास पाक जाळावा लागतो. पाणक्यांच्या पोटात तो नाही."

"माझ्यापाशी आहे."

"तो तुझ्या पुढच्या पावलाचा आहे. तो दिलास तर टोक जळेल."

"पुढे दगड आहे, आबा. दगडास काय घाई आहे?"

"मैना, मी तो मागावयास आलो नव्हतो."

"मग कशास आला होता?"

सोटाजी मागावयासच आले होते, आणि लेकीने ते ओळखिले, आणि ओळखून त्यांस बोलावयास लाविले नाही. तिने पाक मागे सोडिला. सोटाजीने नको म्हणावयाचे, ते म्हणाले नाहीत. साहेबी हेही लिहून घ्यावे, लपविण्याजोगे नाही. त्यांनी पाक घेतला, पाणक्यांस वाटिला, आणि सर्वांनी खार कोंबून पाण्यास खांदा दिला. पाणी कण्हत चढले, आणि पहाटेच्या गारव्यात पानांच्या कडेस थेंब थेंब होऊन बाहेर पडले. ओढ्यावर घागर भरावयास आलेल्या बाया म्हणाल्या, आज दव फार पडले. ते दव नव्हते.

निर्मळ पाणी जुळ्यांच्या तोंडास लागले. कडवटपणा गेला. ऊन आले, भाऊ पोटभर प्याले, वाकले, आणि दरवाजे उघडले. उष्टा वारा आत गेला, चोख वारा बाहेर आला, वाफ उठली, दोर ताणला, आणि खाली सोटाजीच्या हातातली घागर सटकन वर गेली. पाणके नाचले. आणि दुसऱ्या दिवशी राणोजी भरली कावड घेऊन उतरले आणि म्हणाले, "नाईक, पालोजीरावांनी पुसले आहे, दुष्काळात माणसे किती गेली?"

सोटाजी म्हणाले, "एक."

"कोण?"

सोटाजीने सांगितले. राणोजीने कावड खाली ठेविली, आणि कावडीवर बसले, आणि म्हणाले, "मी त्या दिवशी तोंड आवरावयास हवे होते."

"तुमचे तोंड आहे, माझे पोट होते," सोटाजी म्हणाले. "वर जाऊन सांगा की दुष्काळ नव्हता. नाइकाने खोटा थेंब सोडिला. आणि सांगा की वाफ जात राहो."

राणोजीने वर जाऊन सांगितले, यावेळी दुप्पट न करिता. पालोजीरावांनी ऐकिले आणि त्यांचा निरोप आला की, "आम्ही तुमच्या गार मातीचा हेवा करीत होतो. तेथे दगड आहेत हे आम्हास कोणी सांगितले नाही." त्याउपर दोघांत वितुष्ट राहिले नाही, परंतु स्नेहही जाहला असे म्हणवत नाही. मैनाऊचे टोक काळे पडून गळाले, आणि त्याच्या मागून दोन आडव्या मुळ्या फुटल्या, आणि त्या दगडास वळसा घालून ओढ्याकडे चालू लागल्या. सोटाजी निम्मा पाक त्यांजकडे लावितात.

एकूण हकीकत येवढीच. जो वारा कोणास नको तो खाऊन वरचे अन्न करितात, आणि ज्या मातीस सारे तुडवितात तीतून खालचे पाणी काढितात, आणि दोघे एकमेकांच्या हातचे जेवितात, आणि एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. अशा राज्यात हेवा न उपजेल तर नवल.

उपरी साहेबांचा निवाडा उतरला. त्यात सोटाजी नाईक खोटा ठरला, आणि ते यथार्थ आहे, त्यांनी ते कबूल केले आहे. त्यात दरवाजे उघडून राज्य राखिल्याबद्दल पालोजीरावांस नव्या पालवीचा मान दिला, आणि पालोजीरावांनी स्वतः सांगून पाठविले की दरवाजे आम्ही उघडिले नाहीत, तरी तो शब्द फिरला नाही. आणि शेवटास लिहिले की मुळांचे 'एक टोक वाळले, नुकसान किरकोळ.' तर साहेबांस पुसणे आहे. ज्या टोकाच्या पाकावर ते पाणी चढले त्या टोकास नाव होते. ते नाव विचारावयास साहेबी कोणास खाली पाठविले होते? पाठविले असेल तर त्याचे नाव सांगावे. पाठविले नसेल तर किरकोळ हा शब्द कोणाच्या सांगण्यावरून लिहिला? उत्तर लिहून यावे, आणि या खेपेस ते खाली मुळांपर्यंत यावे.